वाव नका मोजू, फेऱ्या मोजा

प्रति,
समुद्रयान प्रकल्पातील अभियंते, शास्त्रज्ञ आणि खाली जाणारी मंडळी,
राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, चेन्नई;
तसेच पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या 'मत्स्य ६०००'ची गोष्ट वर्गात पहिल्यांदा सांगायला घेतली तेव्हा मी फळ्यावर 'सबमर्सिबल' असा शब्द लिहिला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, आमच्या विहिरीत आसा. तीन एचपीचो." वर्ग हसला, मीही हसलो. आमच्याकडे सबमर्सिबल म्हणजे विहिरीत सोडलेला पंप, जो नेमका मे महिन्यात जळतो आणि वायरमन चार दिवस फिरकत नाही. म्हणून या पत्रात मी आपला 'पाणबुडी' म्हणेन. लढाईची नाही, तुमची ती तीन माणसांची, तळ बघायला जाणारी.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरचा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. वडील होडीवर जायचे. त्यांच्याकडे पाण्याची खोली बघायची एक दोरी होती. टोकाला शिशाचा गोळा, आणि दोन्ही हात पसरले की मध्ये मावेल तेवढा एक वाव. असे वाव मोजत दोरी सोडायची. गोळा तळाला टेकला की दोरी सैल पडे. मग ते ती वर ओढून घेत आणि शिशाला चिकटून आलेला चिखल अंगठ्यानं बोटावर चोळून बघत. कधी नाकाशी नेत. कुठलं जाळं टाकायचं, की इथून निघायचंच, ते त्या चिमूटभर चिखलावर ठरायचं. मला मात्र आकड्याचं कौतुक. "बाबा, अठरा वाव!" म्हणून मी ओरडायचो. ते मान वर न करता म्हणायचे, "वाव किती ते मगे सांग. तळाक काय गावला ता बघ."

तुमच्या प्रकल्पाच्या बातम्या वाचताना हे वाक्य मला हमखास आठवतं. तुमची पाणबुडी जिथवर जाणार ते ६००० मीटर म्हणजे सुमारे ३२८० वाव. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'नोतील' पाणबुडीतून तुमचे दोघे जण अटलांटिकमध्ये उतरले. ५ ऑगस्टला शास्त्रज्ञ राजू रमेश ४०२५ मीटरपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी नौदलातले निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५००२ मीटरपर्यंत. अभिमान मलाही वाटला. चहाच्या टपरीवर मीच तो आकडा चार जणांना ऐकवला. पण त्यांना खिडकीतून काय दिसलं, हे मी शोधत बसलो आणि मला चार ओळीसुद्धा सापडल्या नाहीत. आकडा मात्र सगळीकडे.

माझं मागणं साधं आहे. 'मत्स्य' किती खोल गेली यावर तिचं मोठेपण ठरवू नका. ती किती वेळा गेली, आत कोण बसलं होतं आणि वर येऊन त्यांनी काय सांगितलं, यावर ठरवा. बाकी या पत्रात जे काही लिहितोय ते याच्याच आजूबाजूचं आहे.

खोलीचा विक्रम किती पोकळ असू शकतो ते बघा. २३ जानेवारी १९६० या दिवशी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट'मधून पॅसिफिकच्या मारियाना गर्तेत तळाला पोचले, जवळपास अकरा किलोमीटर खाली. उतरताना नऊ हजार मीटरच्या सुमारास खिडकीची एक बाहेरची काच तडकली, तरी ते गेले. धाडस केवढं! पण तळाशी वेळ मिळाला वीसेक मिनिटं. टेकताक्षणी गाळ उडाला आणि बाहेर दुधासारखा ढग पसरला, फोटोसुद्धा काढता आला नाही. पिकारनी सांगितलं की चपटा मासा दिसला. पुढे जीवशास्त्रज्ञ म्हणाले, एवढ्या खोल मासा असणं कठीण, ती समुद्री काकडी असावी. आता खरं-खोटं करायचं कसं? 'ट्रिएस्ट' त्या खोलीवर पुन्हा गेली नाही, आणि दुसरा माणूस तिथे पोचायला २०१२ साल उजाडलं. बावन्न वर्षं!

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या वुड्स होलची 'ॲल्विन' १९६४ मध्ये सेवेत आली तेव्हा तिची मर्यादा फक्त १८०० मीटर होती. 'ट्रिएस्ट'पुढे ती म्हणजे ओढ्यात डुंबणारं पोर. पण ती जात राहिली. १९६६ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ विमान अपघातात समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब तिनं हुडकून काढला. मग १६ ऑक्टोबर १९६८ रोजी पाण्यात सोडतानाच तिला धरणाऱ्या तारा तुटल्या. झाकण उघडंच होतं, पाणी आत शिरलं. माणसं कशीबशी बाहेर पडली आणि पाणबुडी दीड हजार मीटरवर जाऊन बसली, सोबत तिघांचा जेवणाचा डबा घेऊन.

ही डब्याची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत असे. दहा महिन्यांहून जास्त काळानं, १९६९ मध्ये, 'ॲल्विन' वर काढली. सँडविच भिजून लदलदीत झाली होती, पण नासली नव्हती. सफरचंदं धड. वर आणून फ्रिजमध्ये ठेवल्यावर मात्र तेच अन्न काही आठवड्यांत कुजलं. आमच्या पोरांना मासळी बर्फाशिवाय किती तास टिकते ते शिकवावं लागत नाही, त्यामुळे त्यांना यातली गंमत पटकन कळायची. होल्गर यानाश या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं तो धागा पकडला. खोल समुद्रात कुजण्याची क्रिया इतकी सावकाश का, यावर त्यानं प्रयोगच लावले. आपण समुद्रात कचरा टाकून 'गेला, संपला' म्हणतो, तो तिथे वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो, हे त्यातून समोर आलं. अपघात झाला, तो लपवला नाही, डबा फेकून दिला नाही, आणि पाणबुडी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडली. यातली एक जरी गोष्ट झाली नसती तरी हे शास्त्र त्या दिवशी हाती लागलं नसतं.

आणि त्यानंतर १९७७. गॅलापागोस बेटांजवळ, २५०० मीटरवर. 'ॲल्विन' तिथे समुद्राच्या तळातून निघणारं गरम पाणी शोधायला गेली होती. आधी वरून सोडलेल्या कॅमेऱ्यात तापमान चढलेल्या एका जागी शिंपल्यांची रास दिसली होती. खाली जाऊन बघतात तर सूर्यप्रकाशाचा कण नसलेल्या जागी शिंपले, खेकडे, लांब नळ्यांत राहणारे किडे यांची भरगच्च वस्ती! उन्हावर नाही, तर पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जीवाणूंच्या जिवावर उभी असलेली. शाळेच्या पुस्तकातलं 'सर्व अन्नसाखळ्यांची सुरुवात सूर्यापासून होते' हे वाक्य त्या दिवसापासून अपुरं झालं.

त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. सगळे भूगर्भवाले आणि रसायनवाले. प्राणी टिकवून ठेवायला पुरेसं रसायन जहाजावर नाही, म्हणून पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात नमुने बुडवून ठेवले. वर्गात मी 'व्होडका'ऐवजी 'औषधी द्रव' म्हणत असे. आता निवृत्त आहे, खरं सांगायला हरकत नाही.

तुमच्या पाणबुडीत तीन जागा आहेत. एक चालकाची, दोन शास्त्रज्ञांच्या. पहिल्या काही फेऱ्यांत अभियंतेच बसतील, बसलेच पाहिजेत, कारण यंत्राचा प्रत्येक आवाज त्यांनाच ओळखू येतो. पण अभ्यासाच्या फेऱ्या सुरू झाल्या की त्या दोनांपैकी एक जागा जीव ओळखणाऱ्या माणसाला द्या, आणि दर वेळी द्या. पाहुण्याला, अधिकाऱ्याला, कॅमेऱ्यात बरं दिसणाऱ्याला देऊ नका. हे लिहायला लागतंय कारण आपल्याकडे पहिल्या गाडीत कोण बसतं ते आपण सगळेच जाणतो.

जागा म्हणजे तरी केवढी. आतून २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल, जाडी ८० मिलिमीटर. आमच्या गावदेवीच्या गाभाऱ्याएवढा. ६००० मीटरवर त्याच्या नखाएवढ्या भागावर सहाशे किलोंचा भार, म्हणजे प्रत्येक नखावर एक जुनी मारुती ८०० उभी आहे असं समजा. बाहेरचं पाणी दोनेक अंश. पाण्यातून रेडिओ चालत नाही, वरच्या जहाजाशी बोलणं ध्वनिलहरींवर. जपानची 'शिंकाई ६५००' तळाला जायला अडीच तास घेते आणि यायला अडीच, आठ तासांच्या फेरीत कामाला उरतात तीन. त्या तीन तासांत खिडकीशी बसलेल्याला जर समोरचा जीव ओळखताच आला नाही, तर एवढा खटाटोप कशाला केला?

खरं तर याच्याही आधीचा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला विचारला जाणारच. माणूस पाठवायचाच कशाला? तुमच्याच संस्थेचं 'रोसब ६०००' हे दूरनियंत्रित यंत्र २०१० मध्ये मध्य हिंद महासागरात ५२८९ मीटरवर जाऊन आलं. हिंद महासागरातला पहिला गरम झऱ्यांचा पट्टा, 'कायरेई', २००० साली जपानी लोकांना सापडला तो बिनमाणसाच्या यंत्रानंच. तिथेच २००१ मध्ये मिळालेली ती गोगलगाय, पायावर लोहाच्या संयुगाचे खवले असलेली, दुसऱ्या कुठल्या गोगलगायीला असा चिलखती पाय नाही, तीही यंत्रानंच आणली. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या लोकांनी मध्य हिंद महासागरी रांगेत ४५०० मीटरवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रं घेतली, तीही स्वयंचलित यंत्रानं. मग?

मला जे उत्तर पटतं ते असं. खिडकीतून बघणारा माणूस मान वळवतो. जे शोधायला गेला ते सोडून कडेला हललेल्या सावलीकडे बघतो, आणि चालकाला म्हणतो, जरा थांब. पण मान केव्हा वळवायची हे पहिल्या फेरीत कळत नाही. वडील तोच चिखल हजारदा चोळून शिकले होते. 'ॲल्विन'च्या फेऱ्या पाच हजारांवर गेल्या, 'शिंकाई'च्या दीड हजारांवर. तुमची पाणबुडी दोन-चारदा जाऊन नंतर वस्तुसंग्रहालयाच्या दारात उभी राहणार असेल, तर माझं मत सरळ यंत्राच्या बाजूनं आहे. तेवढ्यासाठी तीन जिवांना खाली पाठवू नये.

आता भीतीबद्दल, कारण घरी बायकोनं हे पत्र वाचून पहिलं तेच विचारलं.

लोकांच्या मनात 'टायटन' आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिक बघायला गेलेले पाच जण क्षणात गेले. कार्बन फायबरचा सांगाडा, आणि कुठल्याही स्वतंत्र वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे जहाजांची मजबुती तपासून दाखला देणाऱ्यांकडून, तपासणी नाही. याच क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त जाणकारांनी मार्च २०१८ मध्येच सह्यांचं पत्र तयार करून त्या कंपनीच्या प्रमुखाला सावध करण्याचा प्रयत्न केला होता. 'टायटन'मध्ये गेलेल्यांपैकी पॉल-आंरी नार्जोले हे एकेकाळी त्याच 'नोतील'चे चालक, जिच्यातून तुमचे दोघे गेले. आणि अमेरिकी तटरक्षक दलाचा 'हे टाळता आलं असतं' असं सांगणारा अहवाल आला तो ५ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे राजू रमेश 'नोतील'मध्ये बसले त्याच दिवशी. तुमचा गोल टायटॅनियमचा, रचना डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेच्या नियमांत बसवलेली, त्यामुळे 'टायटन'शी तुमची तुलना करणं अन्याय आहे. मी ती करत नाही.

मला भीती आहे ती दाबाची नाही, दोरीची. आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. जाळं खडकाला अडकलं की कापून सोडून देतात. नायलॉनचं असतं, ते तिथेच राहतं. ट्रॉलरवाले तर किती सोडतात त्याला गणती नाही. ऑगस्ट २००५ मध्ये रशियाची 'एएस-२८' ही सात माणसांची पाणबुडी कामचात्काजवळ फक्त १९० मीटरवर असल्याच जाळ्या-दोऱ्यांत गुरफटली. ब्रिटिशांनी 'स्कॉर्पिओ' हे यंत्र विमानानं आणून दोऱ्या कापल्या म्हणून सातही जण वर आले. जून १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ 'जॉन्सन सी लिंक' ही चार माणसांची पाणबुडी बुडवलेल्या जहाजाच्या अवशेषात अडकली, शंभर-सव्वाशे मीटरवर. गोल शाबूत होता, गळती नव्हती. मागच्या कप्प्यातले दोघे कार्बन डायऑक्साइडनं गेले. त्यातला एक पाणबुडी बांधणाऱ्याचा मुलगा. म्हणजे सहा हजारांची तयारी करताना पाचशे मीटरच्या चाचण्यांना सोपं समजू नका. जाळी तिथेच आहेत.

आणि एक हिशेब मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे केला, तो तुम्ही तपासून बघा. 'मत्स्य'मध्ये नेहमीच्या फेरीला १२ तासांची आणि आणीबाणीत ९६ तासांची सोय आहे. मध्य हिंद महासागरातलं आपलं खनिजं शोधायचं क्षेत्र कन्याकुमारीपासून निदान दोन हजार किलोमीटर. बारा नॉटनं, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरनं, जहाज निघालं तर पोचायला नव्वदेक तास. म्हणजे मदत क्षितिजावर दिसेपर्यंत हवा संपत आलेली असेल. नौदलाकडे २०१८ पासून पाणबुडीतून माणसं सोडवणारी खास यानं आहेत, पण ती साडेसहाशे मीटरच्या आसपासची. ६००० मीटरवर तुम्हाला सोडवणारं दुसरं कुणी जवळपास नाही. तेव्हा 'रोसब'सारखं, दोऱ्या कापू शकणारं यंत्र त्याच जहाजावर किंवा शेजारच्या जहाजावर, चालू अवस्थेत असल्याशिवाय फेरी करायची नाही, असा नियम करा. असा नियम आधीच असेल तर जाहीर सांगा, मी हा परिच्छेद आनंदानं खोडतो.

१९७३ मध्येच आयर्लंडजवळ 'पिसेस ३' ४८० मीटरवर जाऊन पडली होती. आत रॉजर नावाचे दोघे, जवळ एक सँडविच आणि लेमोनेडचा एक डबा. हवा पुरावी म्हणून बोलणंसुद्धा टाळून पडून राहिले. ७६ तासांनी बाहेर काढलं तेव्हा बारा मिनिटांचा प्राणवायू शिल्लक होता. ते जगले याचं एक कारण म्हणजे तिच्याच जातीची 'पिसेस २' मदतीला होती. एकटीदुकटी होडी वादळात सोडू नये, हे काय तुम्हाला मी सांगायचं!

आता ज्यासाठी हा सगळा पैसा आला त्याकडे वळतो. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं खोल समुद्र मोहिमेला ४०७७ कोटी मंजूर केले, ते काही गोगलगायी बघायला नाहीत, हे आम्हालाही कळतं. खाली खडे आहेत. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. आमच्या शाळेची सहल एकदा गोव्यात दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेली होती. तिथे असा एक खडा बघायला मिळाला. काळपट, खडबडीत, बटाट्याएवढा. एका पोरानं विचारलं, "सर, हा चिऱ्याचा तुकडा काय?" तसाच दिसत होता. याच संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी पहिल्यांदा असे खडे समुद्रतळातून वर काढले आणि भारताचं नाव या शर्यतीत आलं. पुढे मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या वाट्याला आलं. हा खडा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. म्हणजे त्या पोराच्या मुठीत बसला तो काही कोटी वर्षांचा होता.

खडा उचलला की त्यावर चिकटून जगणारं जे काही असेल ते गेलं. ते परत यायला किती काळ लागतो? १९७९ मध्ये पॅसिफिकमध्ये खडे गोळा करून बघितले होते, त्या यंत्राच्या चाकोऱ्या चाळीसहून जास्त वर्षांनी जशाच्या तशा दिसल्या. आपल्याकडेही गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये आपल्याच क्षेत्रात मुद्दाम गाळ ढवळून त्याचे परिणाम तपासले, म्हणजे ही काळजी मी नव्यानं करतोय असं नाही. तुमचं खाणकामासाठीचं 'वराह' यंत्र २०२१ मध्ये ५२७० मीटरवर चालून आलं. आता 'मत्स्य' जाईल. मला धाकधूक आहे ती एवढीच, की ती खाणवाल्यांची सर्व्हेअर होऊन बसू नये. आमच्या जिल्ह्यानं आणि शेजारच्या गोव्यानं खाणी बघितल्या आहेत. आधी मोजणीवाले येतात, मग डंपर येतात, आणि डोंगरावर काय होतं ते विचारायला कुणी येतं तोवर डोंगर उरत नाही. ती खवल्यांची गोगलगाय २०१९ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली, आणि कारण दिलंय संभाव्य खाणकाम. अजून एक कुदळसुद्धा पडलेली नाही. म्हणून पुन्हा तीच विनंती: जीव ओळखणारा माणूस, दर फेरीला.

एक विनंती जरा स्वार्थाची आहे. दूरच्या महासागरात जाण्याआधी आणि नंतरही, काही फेऱ्या आमच्या बाजूला करा. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. त्याचा माथा वीसेक मीटरवर, प्रवाळानं भरलेला. बुडी मारणारे पाणबुडे तिथवर जाऊन आले आहेत. त्याच्या पलीकडे उतार खोल खोल जातो, आणि तिथे अरबी समुद्राचा तो प्राणवायू नसल्यात जमा असलेला थर आहे, साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत. गोव्याची संस्था कांदोळीसमोर १९९० च्या दशकापासून पाणी मोजतेय. पावसाळा संपता संपता कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याजवळ चढतं, हे त्यांच्या नोंदींत आहे. पण त्या उतारावर, त्या थरात, नेमकं कोण कसं जगतंय, हे खिडकीतून बघितलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. तिथे जायला ६००० मीटर लागत नाहीत. हजार पुरतात. मथळा होणार नाही, पण मासळीवर ज्यांचं पोट आहे अशा घरांना त्याचा उपयोग होईल.

पाणबुडीच्या बाबतीत आमचा जिल्हा जरा पोळलेला आहे, तेही सांगतो. निवतीच्या खडकांपाशी पर्यटकांची पाणबुडी येणार, हे २०१८ पासून ऐकतोय. २०२३ च्या अखेरीस ती गुजरातला पळवली की नाही यावर पेपरांत रणधुमाळी झाली. मग नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' बोट निवतीजवळ बुडवून तिथे कृत्रिम प्रवाळ करायचं ठरलं. होईल ते होवो. पण त्या सगळ्या भांडणात, निवतीच्या खडकाखाली आज काय आहे, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

शेवटी तारखांविषयी. पहिली बातमी आली तेव्हा आम्ही २०२४ ऐकलं, मग २०२६, पुढे २०२७ चाही उल्लेख आला. लोक हसतात. हसू द्या. एवढ्या जाडीच्या टायटॅनियमचा गोल जोडायला इस्रोच्या वेल्डिंगवाल्यांना किती घाम गाळावा लागला असेल, ते ज्यानं साधी होडीची फळी बसवलीय त्याला कळेल. २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात तुम्ही पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. त्यात काय चुकलं, काय बदललं, तेही सांगत जा ना. नुसतं 'यशस्वी' छापून आलं की माझ्यासारख्या मास्तराला शंका येते, कारण पहिल्याच झटक्यात बरोबर आलेला प्रयोग मुलानं शेजारच्याचा बघून लिहिलेला असतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. कुठल्याही पंधरा ऑगस्टसाठी घाई करू नका. आणि फेऱ्या सुरू झाल्या की प्रत्येक फेरीची नोंद, चित्रण आणि जे दिसलं त्याची साध्या भाषेतली हकीकत सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. पैसा आमचा आहे हे कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की त्या चित्रणात तुमच्या नजरेतून निसटलेलं काहीतरी एखाद्या कॉलेजच्या पोरीला दिसेल.

पत्राचं उत्तर मराठीतच यावं असा हट्ट नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात भरकटलेल्या केरळ-तमिळनाडूच्या होड्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. त्यातल्या एका खलाशाशी ओळख झाली ती अजून टिकून आहे, आमचं मोडक्या हिंदीत बोलणं होतं. उत्तर तमिळमध्ये आलं तर त्याच्याकडून वाचून घेईन. मात्र तो एकदा समुद्रात गेला की पंधरा-पंधरा दिवस फोन लागत नाही, तेव्हा माझी पोच यायला उशीर झाला तर रागावू नका.

आपला,
वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा एक निवृत्त विज्ञान शिक्षक